सशांच्या बुकिंगला डिपॉझिट भरलं आणि ८,५४९ रुपयाला बुडालो, सांगलीकरांनो वाचा

लिहू नका म्हणून घरातनं दम आहे, तरी लिहितोय. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर चौदा वर्षं हिशेब बघतो मी. बारा रुपयाचा फरक लागला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधून काढतो. आणि मला एका पोराने (आवाजावरून पंचविशीचा असेल) दोन सशांच्या फोटोवर ८,५४९ रुपयाला धुतला.

झालं असं की लेकीला ससे पाहिजे होते. जत्रेतनं टोपलीतले आणायचे नाहीत, रेस्क्यूवाल्यांकडनंच घ्यायचे, हे तिने कुठंतरी बघून ठरवलेलं. म्हणलं चांगलंय. एका पेजवर पांढरा आणि राखाडी असे दोन ससे दिसले, खाली लिहिलेलं ‘पुण्यातून रेस्क्यू, दोघांची नसबंदी झालीय, चांगलं घर हवं, बुकिंग डिपॉझिट १,५००’.

आता तुम्ही म्हणणार, डिपॉझिट मागितलं तिथंच कळायला पाहिजे होतं. नाही ओ, तिथंच तर गोची आहे. माझ्या मेहुणीने पुण्यात गिनीपिग घेतले तेव्हा तिनेपण ५०० डिपॉझिट भरलेलं आणि ती रेस्क्यूवाली बाई एकदम खरी होती. छोट्या प्राण्यांचं रेस्क्यू म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्यातरी घरातली एक खोली आणि चार पिंजरे. कोण तरी फोन करून सांगतं, ठेवा आमच्यासाठी, रविवारी येतो. त्यांच्यासाठी बाकीच्या तिघांना नाही म्हणायचं, तोपर्यंत गवत, पेलेट, डॉक्टर सगळं चालूच, आणि रविवारी हे महाशय फोनच उचलत नाहीत. म्हणून डिपॉझिट. नेताना फीमध्ये वळतं करतात. त्यामुळे मला १,५०० मध्ये काही वावगं वाटलंच नाही, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीपण भरले असते.

क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. विचारलं, तर ‘ट्रस्टचं खातं केवायसीला अडकलंय सर’. बरं म्हणलं. (क्यूआर स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते वाचा. वाचून थांबा. मी वाचलं, थांबलो नाही.)

दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या सर्टिफिकेटचे ८५०. सर्टिफिकेट आलंपण, शिक्क्यासकट, त्यावर ‘नाइन इन वन’. ती कुत्र्याची लस. हे मला नंतर आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि वर हसले.

पण मला रात्री झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. पिंजरा आणि गाडीभाड्याचे २,२०० मागताना तो म्हणाला, ‘सर जोडी आहे, सहा महिन्यात पिल्लं होतील, विकली तर पैसे वसूल’. पिल्लं! नसबंदी झालेल्या सशांना पिल्लं! हा मेसेज मी वाचला, वर हसायचा इमोजीपण टाकला. तीन मेसेज वर त्याच चॅटमध्ये नसबंदी झालीय असं लिहिलेलं. पेढीवर कुणी एका पानावर जमा आणि दुसऱ्या पानावर तीच रक्कम नावे दाखवली असती तर मी वही फेकून मारली असती. आणि मुळात रेस्क्यूवाला माणूस पिल्लं विका म्हणेल का? त्यांच्याकडे येणारे बरेच ससे त्याच भानगडीतले असतात, ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून जोडी विकतात, महिन्याभरात मादी विते, घरात पाच-सहा पिल्लं, मग द्या कुणाच्यातरी दारात सोडून.

मेहुणीने नंतर जे सांगितलं त्याने तर अजूनच लाज वाटली. तिला त्या बाईने आधी वीस प्रश्न विचारलेले. घर भाड्याचं का, मालकाची परवानगी आहे का, दिवाळीत फटाक्यांच्या वेळी कुठं ठेवणार, गावी गेलात तर कोण बघणार. व्हिडिओ कॉलवर गॅलरी दाखवायला लावली, मग फॉर्म, मग ५००, त्याचीपण पावती. मला एकपण प्रश्न नाही. किती रूम आहेत, घरात मांजर आहे का, काही नाही, फक्त ‘सर पेमेंट झालं का’. समोरचा जनावराची काळजी करत नसेल तर तो रेस्क्यूवाला नाही, एवढं साधं होतं.

शेवटचा दणका ३,९९९ चा. रात्री साडेदहाला फोन, गाडी पेठ नाक्यावर अडवलीय, ट्रान्झिट इन्शुरन्स नाही, ससे जप्त करतील, रिफंडेबल आहे सर. मागनं पोरीचं ‘पप्पा, भरा की’. पेठ नाका सांगलीपासनं तासाभराच्या अंतरावर, मी गाडी काढून बघून यायला पाहिजे होतं. भरले. मग अजून ५,५०० मागितले तेव्हा ही म्हणाली, ‘अहो, मोबाईल ठेवा खाली.’ तेव्हा भानावर आलो.

लाजेपायी दोन दिवस गप्प बसलो, ही माझी चूक. असलं काही झालं तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत होल्ड होऊ शकतात. रडायचं ते नंतर.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं सर्क्युलर दाखवलं तर म्हणे ते तुमच्या परवानगीशिवाय खात्यातनं पैसे गेले तर, तुम्ही तर राजीखुशीने दिलेत. राजीखुशीने! शब्द बघा.

मग ठाण्यात. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी सायबरला जा. सायबरवाले म्हणे रक्कम छोटी आहे, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात, तर माणूस पुण्याचा, तिकडं जा. आता हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, जुलै २०२४ पासनं नव्या फौजदारी कायद्यातच आहे ते, मी प्रिंट काढून नेलेली. हवालदारांनी प्रिंट बाजूला ठेवली, चहा ओतला आणि विचारलं, ‘ससा पाळणं गुन्हा आहे माहिताय का? फॉरेस्टवाल्यांना कळवू?’ मी म्हणलं साहेब तो रानससा, हा पांढरा, दुकानात मिळतो तो. तर शेजारचा म्हणतो, ‘मग दुकानातनंच घ्यायचा की, चारशेला मिळतो.’ अख्खं ठाणं हसलं. चार हेलपाटे, दीड दिवसाचा पगार कापला, आणि हातात काय तर एक पोचपावती, तीपण मी सरकारच्या सायबर पोर्टलवर स्वतः भरलेल्या तक्रारीची.

चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटचा वेगळा नंबर) लिहून ठेवा. आणि पैसे द्यायच्या आधी त्याच जनावराचा चालू व्हिडिओ कॉल मागा, आजची तारीख कागदावर लिहून शेजारी धरायला सांगा. येऊन बघू का विचारा. खरा असेल तो लगेच ‘या’ म्हणतो.

घरात ठेवायचा पिंजरा मी आधीच आणलेला, १,३५० चा, तो वरच्या हिशेबात धरलेला नाही. त्यात सध्या कांदे आहेत.

काल रात्री ती पोस्ट परत दिसली. नवीन पेज, तेच दोन ससे, राखाडीचा तोच फाटका कान. बुकिंग डिपॉझिट १,२००. आमच्यापेक्षा ३०० नी कमी.