अडीचशेचा मल्टीमीटर सात महिने वापरून: आमची जुनी आठशे आणि 'टक्'चा शोध

जुलैमध्ये चिपळूणला धो धो पाऊस सुरू असताना एका सकाळी सव्वासातला गाडी अडून बसली. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्', सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरेना. सासऱ्यांनी १९९६ साली घेतलेली मारुती आठशे आहे, कार्ब्युरेटरवाली, सीबी पॉइंटची (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क). ते गेल्यापासून मीच चालवते, आणि ती विकायचा विषय आमच्या घरात निघत नाही.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून "बॅटरी गेली" सांगितलं. ३,८०० रुपये. तीन दिवसांनी पुन्हा 'टक्'. मग "सेल्फ खोलावा लागेल", आणखी १,६००. आठवडाभर चालली आणि पुन्हा तेच. ५,४०० रुपये गेले आणि एकदाही कुणी मीटर लावून बघितला नाही. त्याची मला आजही चीड आहे. 'टक्' होताना हेडलाइट लख्ख पेटत होते. बॅटरी खरंच बसली असती तर ते पार मंद झाले असते. एवढं तर बघायला हवं होतं!

त्या संध्याकाळी इलेक्ट्रिकच्या दुकानातून तो सगळीकडे मिळतो तसा पिवळा डिजिटल मल्टीमीटर आणला. अडीचशे रुपये. डायल २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी मोजली. १२.५, म्हणजे ठीक. पण नुसत्या उभ्या गाडीत मोजून काही कळत नाही, सेल्फ ओढत असताना मोजावं लागतं, आणि त्याला दोन माणसं लागतात. सासूबाई स्टिअरिंगवर बसल्या. गिअर न्यूट्रल आहे, हँडब्रेक ओढलाय, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"आई, फिरवा."

"फिरवली. सोडू का?"

"थांबा... हां, सोडा."

बॅटरीवर १०.९. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली नाही म्हणजे बॅटरीची तक्रार नाही. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल थेट इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली. आईंनी पुन्हा किल्ली फिरवली. ३.४! इथे ०.२ च्या वर जायला नको. म्हणजे परतीच्या वाटेवर, अर्थिंगमध्येच, साडेतीन व्होल्ट खाल्ले जात होते. गिअरबॉक्सवरचा अर्थिंगचा बोल्ट काढला तर वॉशरखाली हिरवट पांढरी बुरशी साचली होती आणि केबलच्या अर्ध्या तारा कुजल्या होत्या. नवी केबल १८० रुपये, पॉलिश पेपरने जागा घासली, वरून व्हॅसलीन. सेल्फ असा फिरला की आई दचकल्या. मग कळलं, गॅरेजमध्ये दरवेळी केबल हलायची, जोड तात्पुरता लागायचा आणि नव्या मालाने काम झालं असं वाटायचं.

त्या दिवशी मी या मीटरला पाचपैकी पाच दिले असते.

सप्टेंबरमध्ये मत बदललं. एका सकाळी बंद गाडीची बॅटरी १३.६ दाखवायला लागली. मला वाटलं, वा, मस्त चार्ज झालीय. इंजिन चालू करून बघितलं तर १५.६. चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.४ हवेत. म्हणजे अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय, बॅटरी उकळणार, या काळजीने मी दोन दिवस पार्टच्या दुकानात चौकशी करत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. शेवटी प्रयोगशाळेतला मीटर आणून लावला. १४.३. गाडी ठणठणीत होती. पिवळ्या मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली होती, आणि ती उतरली की हे स्वस्त मीटर आकडा वाढवून दाखवतात.

ती उतरली का, तर याला ऑटो ऑफ नाही. डायल हाताने 'ऑफ'वर आणला नाही तर रात्रभर चालूच राहतो. माझ्या दृष्टीने हीच याची सगळ्यात मोठी खोट आहे. स्क्रीनला लाइट नाही, वायरी बारीक आहेत, आवाज करत नाही, ते सगळं मी चालवून घेईन. पण मोजायचं यंत्र खोटं बोलणार असेल तर माणूस बिनदिक्कत नवा अल्टरनेटर बसवून मोकळा होईल. सात महिन्यांत तीन सेल घातले, शिवाय दरवेळी मागचे दोन बारीक स्क्रू काढायचे. आता मी प्रत्येक कामाआधी एखाद्या नव्या सेलवर आकडा पडताळून मगच गाडीला लावते.

तरी टाकून दिला नाही, कारण डिसेंबरमध्ये यानेच पुन्हा वाचवलं. सेल्फ जोरात फिरायचा पण इंजिन पकडेना. प्लग काढून बॉडीला टेकवून बघितला तर ठिणगी पिवळी, मरतुकडी. (ठिणगीचा करंट बघायला हा मीटर प्लगच्या वायरला लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.) ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या प्लसवर चावी ऑन करून १२.४ आले, म्हणून आधी कॉइलवरच संशय घेतला. नंतर लक्षात आलं, पॉइंट उघडे होते. करंट वाहतच नव्हता, तर व्होल्टेज पडणार कुठून? इंजिन हाताने थोडं फिरवून पॉइंट मिटवले, लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी कॉइलच्या प्लसवर. ४.६ व्होल्ट वाटेतच गायब. वायर धरून मागे मागे गेले तर डॅशबोर्डखाली सासऱ्यांनी बाहेरून बसवून घेतलेला चोर स्विच, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लपवलेला. दोन तारांना नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली, आत तांबं काळं पडलेलं. जोड कापून, साफ करून झाळला. आकडा ०.३ वर आला. खर्च शून्य.

स्विच तसाच ठेवला आहे. तो कुठे आहे हे बाबांनी मला आणि आईंना सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

जुनी गाडी असेल तर मीटर घ्याच, पण दीडशे रुपये जास्त घालून ऑटो ऑफवाला घ्या, आणि सोबत क्रोकोडाइल क्लिपवाल्या वायरी. आणि दहा अँपिअरच्या भोकात लाल पिन असताना चुकूनही बॅटरीला लावू नका. स्वस्त मीटरमध्ये तिथे फ्यूज नसतो, सरळ शॉर्ट होतो. माझ्याकडून याला तीन तारे. त्यातला अर्धा मी त्या सेलच्या पायी कापला आहे, नाहीतर साडेतीन होते.