'दिस इज व्हाय' : चौदा महिने ऐकल्यानंतर

पॅरामोर या अमेरिकन बँडचा 'दिस इज व्हाय' हा सहावा अल्बम 10 फेब्रुवारी 2023 रोजी प्रसिद्ध झाला. त्याच आठवड्यात त्याची परीक्षणे वाचायला मिळाली आणि जवळजवळ प्रत्येकात 'परिपक्व' या अर्थाचा शब्द कुठे ना कुठे होताच. तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे चौदा महिने, हा अल्बम मी सातत्याने ऐकत आले आहे: सकाळच्या लोकलमध्ये हेडफोनवर, रविवारी घरी तबकडीवर, आणि कधी कधी फक्त एकच गाणे ऐकायचे म्हणून रात्री झोपण्यापूर्वी. या काळात काही गाणी माझ्यापुरती विटली आणि काही हळूहळू उघडत गेली. ज्या गाण्यांचा दाखला देऊन परीक्षकांनी बँडला परिपक्व ठरवले होते, त्यांतलीच काही आधी विटली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटतो.

या बँडशी माझा संबंध जुना आहे. महाविद्यालयात असताना वसतिगृहातल्या मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर दिलेल्या गाण्यांत 2007 चा 'रायट!' होता, आणि पुढची दोन वर्षे तो आमच्या खोलीत वाजत राहिला. टेनेसी राज्यातल्या फ्रँकलिन या गावी 2004 मध्ये सुरू झालेल्या या बँडची गायिका हेली विल्यम्स 'रायट!' आला तेव्हा अवघी 18 वर्षांची होती. त्या गाण्यांत संताप होता, हेवा होता, आणि सगळे काही आत्ताच्या आत्ता सांगून टाकण्याची घाई होती. ती घाई आमच्याही वयाची होती, त्यामुळे ती आम्हाला खटकली नाही.

परिपक्वतेचा मुद्दा समजून घ्यायचा तर त्या काळातल्या 'मिझरी बिझनेस' या गाण्याचे पुढे काय झाले ते पाहावे लागते. बँडचे सर्वांत गाजलेले गाणे हेच, पण त्यात दुसऱ्या एका मुलीचा पाणउतारा करणारा, बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणारा एक शब्द आहे. विल्यम्सने ते किशोरवयात लिहिले होते. सप्टेंबर 2018 मध्ये बँडने हे गाणे यापुढे मैफलीत वाजवणार नसल्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये, नव्या अल्बमच्या तोंडावर, ते पुन्हा गायला घेतले. आपल्याच लोकप्रिय गाण्याकडे मोठ्या माणसाच्या नजरेने पाहणे, ते बाजूला ठेवणे आणि नंतर त्याच्याशी समेट करणे, ही सारी प्रक्रिया 'दिस इज व्हाय'च्या आधीच घडून गेलेली होती. 2017 च्या 'आफ्टर लाफ्टर'मध्येही ती ऐकू येते: ऐंशीच्या दशकातल्या पॉपसारखे चकचकीत संगीत आणि त्याखाली नैराश्याविषयीचे अगदी उघडे शब्द. त्यामुळे 2023 मध्ये हा बँड अचानक मोठा झाला, असा ज्या परीक्षणांचा सूर होता, त्यांच्याशी मी तेव्हाही सहमत नव्हते आणि आजही नाही.

नव्या अल्बममध्ये खरोखर नवे काय होते, तर माणसे तीच होती. ही गोष्ट परीक्षणांत एखाद्या वाक्यात उरकलेली दिसते, पण माझ्या मते अल्बमचे मर्म तिच्यात आहे. या बँडचा इतिहास माणसे सोडून जाण्याचा आहे. डिसेंबर 2010 मध्ये जोश आणि झॅक हे फॅरो बंधू बाहेर पडले, 2015 मध्ये बास वाजवणारा जेरेमी डेव्हिस गेला, आणि ड्रमवर झॅक फॅरो परतला तो 2017 च्या अल्बमसाठी. हेली विल्यम्स, गिटारवादक टेलर यॉर्क आणि झॅक फॅरो या तिघांनी 'आफ्टर लाफ्टर' केला आणि पुढचा अल्बमही त्याच तिघांनी केला. लागोपाठ दोन अल्बम त्याच माणसांनी करण्याची या बँडची ही पहिलीच वेळ. मधल्या काळात विल्यम्सने 2020 आणि 2021 मध्ये दोन एकल अल्बम काढले, त्यामुळे एकटीने सांगायचे ते बरेचसे सांगून झालेले होते. पुन्हा एकत्र बसलेल्या या तिघांना एकमेकांना काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते, आणि वादनात ते ऐकू येते. कोणीही कोणाच्या अंगावर वाजवत नाही.

लोकलच्या गोंगाटात हे कळत नाही. चांगल्या हेडफोनवर, शांत खोलीत शीर्षकगीताचा पहिला अंतरा ऐकावा. यॉर्कची गिटार तुटक, छोट्या छोट्या ठोक्यांत वाजते आणि प्रत्येक ठोक्यानंतर तारा दाबून नाद थांबवते. त्या थांबलेल्या जागेत बास एक पाऊल पुढे येतो, आणि फॅरोचा ड्रम ठेका पकडून ठेवतो पण मोकळी जागा भरत नाही. 'रायट!'मध्ये अशी जागा सापडलीच नसती, कारण तिथे प्रत्येक वाद्य प्रत्येक क्षणी बोलत असे. निर्माता कार्लोस डे ला गार्झा याने ही मोकळीक जपली आहे. परीक्षकांनी या ध्वनीचा संबंध पोस्ट-पंक या, पंक रॉकमधून पुढे निघालेल्या प्रवाहाशी आणि विशेषतः ब्लॉक पार्टी या ब्रिटिश बँडशी जोडला. तो योग्यच आहे, कारण हा प्रभाव विल्यम्सने स्वतःच मान्य केलेला आहे. मात्र प्रभाव ओळखणे आणि त्याचे काय झाले हे ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीला वेळ द्यावा लागतो.

आता विटलेल्या गाण्यांविषयी. 'द न्यूज'मध्ये जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेल्या युद्धाच्या बातम्या घरी बसून पाहणाऱ्या माणसाची असहायता आहे. पहिल्या महिन्यात हे गाणे मी सर्वांत जास्त ऐकले. त्यातले ड्रम झपाटून टाकतात आणि विषय गंभीर आहे, म्हणून परीक्षकांनीही त्याची वाखाणणी केली. पण सहाव्या-सातव्या महिन्यानंतर लक्षात आले की या गाण्याला जे म्हणायचे आहे ते पहिल्याच मिनिटात म्हणून होते आणि पुढे तेच अधिक मोठ्याने ऐकू येते. 'से कॉम सा'चेही तसेच झाले. त्यात अंतरे गायलेले नाहीत, बोललेले आहेत. वर्षभरात आलेले म्हातारपण, वैद्यांच्या खेपा, डॉक्टरांनी बंद केलेली कॉफी असे तपशील सपाट आवाजात येतात. पहिल्यांदा ऐकताना ते ताजे वाटते. पन्नासाव्या वेळी बोललेल्या ओळींत कान गुंतवायला काही उरत नाही, कारण शब्द पाठ झालेले असतात आणि सुराची सोबत नसते. ध्रुवपद आले की मात्र आजही मी नकळत ताल धरते, हे कबूल करायला हवे.

'रनिंग आउट ऑफ टाइम' हे विटलेली आणि उघडत गेलेली गाणी या दोहोंच्या मधले. नेहमी उशिरा पोहोचणाऱ्या बाईचे हे गाणे वरवर हलकेफुलके आहे, पण त्यात ती मध्येच थांबून स्वतःला विचारते की आपले हेतू खरोखर चांगले आहेत की आपण केवळ स्वार्थी आहोत. आईला फोन करायचे राहून गेलेल्या दिवशी हे गाणे ऐकले तेव्हा ते मला पहिल्यांदा कळले.

उरलेली गाणी, विशेषतः शेवटची पाच, ही या अल्बमची खरी कमाई आहे. प्रसिद्धीच्या आठवड्यात लिहिलेल्या परीक्षणांत त्यांना थोडीच जागा मिळाली, आणि हे समजण्यासारखे आहे. दहा गाण्यांचा, सुमारे 36 मिनिटांचा अल्बम दोन-चार दिवसांत ऐकून लिहायचे म्हटले की जी गाणी आधीच वेगळी प्रसिद्ध झालेली असतात तीच ओळखीची असतात. शीर्षकगीत सप्टेंबर 2022 मध्ये, 'द न्यूज' डिसेंबरमध्ये आणि 'से कॉम सा' जानेवारी 2023 मध्ये आले होते, आणि ही तिन्ही गाणी अल्बमच्या पहिल्या चारांत आहेत. परीक्षणांचा तोल पूर्वार्धाकडे झुकला तो बहुधा यामुळेच.

'यू फर्स्ट'मध्ये विल्यम्स सूडाची इच्छा मान्य करते. भयपटातली मारेकरीही आपणच आणि अखेरपर्यंत वाचलेली मुलगीही आपणच, अशी तिची प्रतिमा आहे. 'फिगर 8'मध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तीच वळणे पुन्हा पुन्हा घेणाऱ्या माणसाची दमछाक आहे, आणि तिथे संगीतही खरोखरच गोल फिरते: गिटारचा तुकडा जिथे संपतो तिथूनच सुरू होतो. त्यानंतर 'लायर' येते. हळुवार छेडलेली गिटार, जवळजवळ कानाशी बोलणारा आवाज, आणि आपण ज्याच्यावर प्रेम करत होतो ते स्वतःपासूनही लपवले याची कबुली. विल्यम्स आणि यॉर्क यांचे नाते 2022 मध्ये जाहीर झाले होते, त्यामुळे हे गाणे त्या बातमीच्या प्रकाशात वाचले गेले. मला ती बातमी बाजूला ठेवून ऐकायला अधिक आवडते. या गाण्यात एकदाही आवाज चढत नाही. ज्या गायिकेची ओळखच चढ्या पट्टीतल्या ताकदीमुळे झाली, ती इथे ती ताकद वापरत नाही, आणि तिच्याकडे ती आहे हे माहीत असल्यामुळे न वापरल्याचा परिणाम दुप्पट होतो. अभिजात संगीत ऐकणाऱ्या माझ्या वडिलांनी या अल्बममधले एवढे एकच गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि "बाई जपून गाते" असे म्हटले. मला कोणत्याही परीक्षणापेक्षा ते अधिक नेमके वाटले.

आपल्याकडे लोणच्याला आणि मुरांब्याला 'मुरणे' हा शब्द आहे. परिपक्व होणे म्हणजे वाढणे, पिकणे. मुरणे म्हणजे आहे त्याच बरणीत, आहे त्याच जिनसांचे एकमेकांत उतरणे. या तिघांचे काय झाले ते सांगायला मला हा दुसरा शब्द जवळचा वाटतो. विषय गंभीर झाले म्हणून हा अल्बम मोठा नाही. गंभीर विषयांची गाणीच त्यात कमी टिकाऊ निघाली.

वस्तू म्हणून अल्बमविषयीही दोन शब्द. मागवलेली पहिली तबकडी कडेला वाकलेली आली. सुई दर फेरीला वरखाली होत होती आणि दोन्ही बाजूंचे पहिले गाणे हेलकावत होते. विक्रेत्याने ती बदलून दिली, पण त्यासाठी पाच आठवडे आणि बरीच पत्रापत्री लागली. दुसरी तबकडी निर्दोष आहे. काचेवर चेहरे दाबलेल्या तिघांचे मुखपृष्ठ मोठ्या आकारात पाहिले की अधिक अस्वस्थ करते, आणि ते अल्बमला शोभते. ध्वनीच्या दृष्टीने 'बिग मॅन, लिटल डिग्निटी'मधली मृदू सुषिर वाद्ये तबकडीवर जितकी स्पष्ट ऐकू येतात तितकी मला फोनवर आली नव्हती. सत्तेमुळे जबाबदारीतून सुटलेल्या पुरुषाविषयीचे कडू शब्द आणि त्याखालचे ते गोड वादन यांतला ताण त्यामुळे नीट कळला.

ऑक्टोबर 2023 मध्ये याच गाण्यांची इतर कलावंतांनी केलेली रूपे 'रि: दिस इज व्हाय' या नावाने आली. ती मी दोनदा ऐकली; ज्युलियन बेकरने केलेले शेवटच्या गाण्याचे रूप सोडले तर परत जावेसे वाटले नाही.

मान्यतेच्या बाबतीत अल्बमला काही कमी पडले नाही. ब्रिटनच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर आणि अमेरिकेत बिलबोर्ड 200 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. 4 फेब्रुवारी 2024 रोजी त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले, आणि स्त्रीने गायनाची धुरा सांभाळलेल्या बँडला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच रात्री शीर्षकगीतालाही पर्यायी संगीताच्या सादरीकरणाचे ग्रॅमी मिळाले. पुरस्काराची बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला, पण पुन्हा पुरस्कार शीर्षकगीताला मिळाला आणि शेवटच्या गाण्याविषयी कोणी बोलले नाही, याची चुटपुटही लागली.

ते शेवटचे गाणे म्हणजे 'थिक स्कल'. या अल्बमसाठी सर्वांत आधी लिहिले गेले ते हेच, आणि सर्वांत शेवटी लिहिले गेले ते शीर्षकगीत. अल्बममध्ये त्यांचा क्रम बरोबर उलटा आहे. म्हणजे आपण ऐकतो ती वाट बँडने उलट्या दिशेने चाललेली आहे. हे कळल्यानंतर मी काही आठवडे अल्बम शेवटाकडून सुरुवातीकडे ऐकला. तसा ऐकला की आधी येते ती स्वतःवरच ठेवलेला दोष मोजणारी, तीच चूक पुन्हा करणाऱ्या डोक्याला जाड म्हणणारी बाई; आणि शीर्षकगीतातला घराबाहेर पडण्याचा तिटकारा मग जगाविषयीची तक्रार वाटत नाही, या बाईच्या थकव्याचा पुढचा टप्पा वाटतो. बराच वेळ 'थिक स्कल' दबा धरून बसल्यासारखे संथ चालते, आणि मग, संपूर्ण अल्बमभर राखून ठेवलेला तो चढा आवाज एकदाचा सुटतो. चौदा महिन्यांनंतरही त्या क्षणी मी हातातले काम थांबवते. अलीकडे लोकलमध्ये असले तर गाणे संपेपर्यंत दारापाशी उभी राहते आणि मगच उतरणाऱ्यांच्या रांगेत शिरते.