4-2-1 हेडर काही महिने चालवल्यावर: मिळालं काय, गेलं काय

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. 1.6 लिटरच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनवर बिडाचा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांमधून निघणारा जळका वायू एकत्र करणारा भाग) काढून बनवून घेतलेला 4-2-1 हेडर, म्हणजे चाराचे दोन आणि दोनाचा एक होणारा पाइपांचा संच, बसवलाय आणि तो आता उतरवणार नाही. पण हेडर बसवला की गाडी पळायला लागते असं ज्याला वाटतं, त्याने पैसे जपून ठेवावेत. ट्यूनिंग (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले पेट्रोल आणि ठिणगीचे आकडे जुळवणं) न करता नुसता हेडर लावला तर फरक पडतो तो मुख्यतः आवाजात.

सगळा खेळ पाइपाच्या लांबीचा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून सुटते. पाइप जिथे दुसऱ्याला मिळतो तिथे जागा एकदम मोठी होते, आणि लाट कमी दाबाची होऊन उलटी फिरते. ती परत पोचते तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतील, तर सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू ती ओढून घेते आणि नव्या मिश्रणाला जागा होते. तापलेल्या वायूत ही लाट सेकंदाला साधारण 500 ते 600 मीटर वेगाने जाते, म्हणजे 80 सेंटिमीटरच्या पाइपात जाऊन-येऊन जवळपास 3 मिलिसेकंद. तेवढ्यात 6000 आरपीएमला क्रँक शंभरेक अंश फिरतो, 3000 ला त्याच्या निम्मा. लाट काही आरपीएम बघून वेग बदलत नाही, त्यामुळे एकच लांबी सगळीकडे जुळणं शक्यच नाही. लांब पाइप खालच्या आरपीएमला फळतो, आखूड पाइप वरच्या.

माझी गाडी ट्रॅकवर जात नाही. रोजचं चालवणं 2500 ते 4500 मध्ये. म्हणून लांब पाइपांचा 4-2-1 घेतला. चारही पाइप थेट एकात मिळणारा 4-1 कागदावर वरच्या टोकाला जास्त ताकद दाखवतो, पण त्या टोकाला आपण दिवसातून किती वेळा जातो?

जोड्या कशा लावल्यात हे बनवून घेताना नक्की विचारा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2 असेल तर 1 आणि 4 एकत्र, 2 आणि 3 एकत्र. म्हणजे प्रत्येक जोडीत दोन धक्क्यांमध्ये क्रँकच्या एका फेरीचं सारखं अंतर राहतं. वळवायला सोपं म्हणून 1-2 आणि 3-4 जोडलेले हेडरही पाहिलेत. दिसायला देखणे, पण त्यात लागोपाठचे धक्के एकाच पाइपात एकमेकांच्या अंगावर येतात.

व्यासाबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो मोठाच घाल, दुसरा म्हणतो इंजिनला थोडं बॅकप्रेशर (एक्झॉस्टमधला अडवणारा दाब) लागतंच. इंजिनला हवा असतो वायूचा वेग, अडथळा नव्हे. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की वेग पडतो, खालचा टॉर्क जातो आणि नाव बॅकप्रेशरचं होतं. माझे प्राथमिक (थेट सिलिंडरपासून निघणारे) पाइप आतून 35 मिलिमीटर आहेत आणि 400 सीसीच्या सिलिंडरला ते पुरतात.

बसवल्यावर काही आठवड्यांनी थंड इंजिनला टिकटिक ऐकू यायला लागली. गरम झालं की गायब. त्याच काळात स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) वर चढत होता आणि प्लग काळे पडत होते. फ्लँज (हेडर इंजिनला बोल्टने जोडणारी पट्टी) वेल्डिंगच्या उष्णतेने वाकला होता. सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवला तर चौथ्या सिलिंडरपाशी तो आरामात आत जात होता. अशा फटीतून वायू बाहेर येतो, तशी दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आतही ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत बसतो. फ्लँज घासून सपाट करून घेतल्यावर ट्रिम जागेवर आला. वेल्डिंग करताना फ्लँज जाड प्लेटला बोल्टने आवळून ठेवला असता तर ही वेळ आली नसती; ज्याने बनवला त्याने ती तसदी घेतली नव्हती.

ट्यूनिंग मात्र टाळू नका. माझं इंजिन हवेचा अंदाज मॅप सेन्सरवरून, म्हणजे इनटेकमधल्या दाबावरून, घेतं. सिलिंडर आता जास्त भरतो, हे ईसीयूमधल्या जुन्या तक्त्याला ठाऊक नसतं. क्रूझिंगमध्ये ईसीयू स्वतः सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला तो तक्त्यावरच चालतो, आणि वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर) मिश्रण तिथेच पातळ दिसत होतं. ते एका भाग पेट्रोलला 12.5 ते 13 भाग हवा इथवर आणलं. इग्निशनचं गंमतशीर आहे: सगळे ॲडव्हान्स वाढवायला, म्हणजे ठिणगी आणखी आधी टाकायला निघतात, पण जळका वायू कमी उरला की ज्वाला लवकर पसरते, त्यामुळे मधल्या आरपीएमला थोडा ॲडव्हान्स कमीच लागला. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) शिखर जवळपास पूर्वीइतकंच. 3000 ते 4500 मधली रेघ मात्र स्पष्ट वर. चढावर गिअर कमी करावा लागत नाही, हा त्याचा रोजचा अर्थ. मायलेज होतं तेवढंच आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जागेवर आहे, कारण माझ्या गाडीत तो खाली वेगळा बसतो. ज्यांच्यात तो मॅनिफोल्डमध्येच आहे त्यांनी या फंदात पडू नये.

उष्णतेचा विचार आधीच करा. 304 स्टेनलेसचा अर्धा मीटर पाइप 700 अंशांनी तापला की सुमारे 6 मिलिमीटर वाढतो. वाढायला वाव नसेल तर वेल्डच्या कडेला तडा ठरलेला, म्हणून जोडांवर सरकते स्लिप जॉइंट घेतले. कापडी रॅप गुंडाळलं नाही. ते ओल धरतं आणि धातू आणखी तापवतं. त्याऐवजी पत्र्याचं शील्ड लावलं आणि जवळच्या वायरिंगवर स्लीव्ह चढवली.

तक्रारी दोन. पातळ पत्र्याच्या पाइपांमुळे थंड इंजिनचा आवाज पत्र्यासारखा येतो, बिडाचा घुमा आवाज गेला. आणि ऑइल फिल्टर पाइपांच्या मागे अडकलाय. तो आता खालूनच निघतो, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर.