स्कॉटऑइलर व्ही-सिस्टम: तेल आपोआप, पण चेन तपासायला सुट्टी नाही

टूरिंगसाठी बाईक निवडताना इंजिन, सीट आणि टाकीवर भरपूर चर्चा होते. मागच्या चाकापर्यंत ताकद कशी पोचते हे मात्र शोरूममध्ये क्वचितच कुणी विचारतं. शाफ्ट असेल तर वजन वाढतं, पण ठरावीक अंतराला तेल बदललं की विषय संपला. बेल्ट स्वच्छ आणि शांत, फक्त कच्च्या रस्त्यावर पुलीत खडी अडकली तर त्याचं काही खरं नाही. मधल्या वजनाच्या बहुतेक टूरिंग बाईक चेनवरच चालतात. रोज चार-पाचशे किलोमीटर पळणाऱ्या चेनला मुक्कामी पोचल्यावर तेलाचा स्प्रे मारावाच लागतो, आणि दिवसभर पावसात गेलात तर हमखास. नेमकं हेच काम स्कॉटऑइलर व्ही-सिस्टम हा चेनला आपोआप तेल देणारा ऑइलर स्वतःकडे घेतो.

रचना साधी आहे. सुमारे ५० मिलीची एक टाकी, तिच्या वरच्या टोकाला प्रवाह कमी-जास्त करायची चकती, इंजिनच्या इनटेककडे (हवा आत घेणाऱ्या मार्गाकडे) जाणारी एक नळी आणि मागच्या स्प्रॉकेटपर्यंत (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकापर्यंत) जाणारी दुसरी. इंजिन सुरू झालं की इनटेकमधल्या व्हॅक्यूममुळे झडप उचलली जाते आणि तेल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. इंजिन बंद केलं की झडप बसते. बॅटरीचा संबंध नाही, वायरिंग नाही. याचाच एक तोटा म्हणजे झडपेला बाईक चालते आहे की उभी, हे कळत नाही. सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभे राहिलात तरी थेंब पडतच राहतात. ज्यांचा निम्मा प्रवास शहरी गर्दीतला आहे त्यांनी याच कंपनीची इलेक्ट्रॉनिक सिस्टम बघावी. तिला बॅटरीचं कनेक्शन लागतं, पण हालचाल ओळखूनच ती तेल सोडते.

बसवताना घाई केली तर पुढचा सगळा त्रास तिथूनच येतो. टाकी उभी आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर असावी. तेलाची नळी सतत उताराने जावी; मध्ये कुठे वर चढली की तिथे हवेचा फुगा अडकतो आणि तेल थांबतं. स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) सांध्यापाशी नळीला थोडी ढील ठेवा, नाहीतर सस्पेन्शन पूर्ण दबताना किंवा उघडताना ती ओढली जाते. चेनच्या बाजूने पाहिल्यावर टोक स्प्रॉकेटवर घड्याळाच्या सातच्या जागी यावं. बहुतेक बाईकवर चेन डावीकडे असते आणि खालून येणारी चेन तिथून जरा पुढे दात पकडते. टोक स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला हलकं टेकलेलं हवं, दातांवर नको. चाक फिरताना तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि आपोआप रोलरपर्यंत पोचतं. हे टोक वाकून टायरकडे वळलं तर मामला गंभीर आहे, म्हणून पंक्चर काढून चाक परत बसवल्यावर सगळ्यात आधी त्याच्याकडे बघायचं.

व्हॅक्यूमची नळी थ्रॉटल बॉडीवरच्या रबरी टोपी लावलेल्या मोकळ्या पोर्टला जोडावी. प्रेशर सेन्सरच्या नळीत टी-जोड टाकून काम भागवायचा मोह टाळा. इंधन इंजेक्शनचं गणित त्या दाबावर चालतं. बसवल्यानंतर आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिन फिरण्याचा वेग) वरखाली होऊ लागलं तर जोडातून हवा शिरते आहे असं समजा. नळी काढून पोर्ट टोपीने बंद करा. आयडल जागेवर आलं तर दोष जोडातच आहे.

सुरुवातीला मिनिटाला एक थेंब एवढाच प्रवाह ठेवायचा. एका मिलीत साधारण २० ते ३० थेंब धरले तर ५० मिली तेल १६ ते २५ तास पुरतं, म्हणजे ताशी ६० च्या सरासरीने हजार ते दीड हजार किलोमीटर. तापमान चढलं की तेल पातळ होऊन जास्त वाहतं. सकाळी घाटातल्या गारठ्यात बरोबर असलेली सेटिंग दुपारी सपाटीवर रिम काळी करते. साधारण हवेसाठी निळं आणि उष्ण हवेसाठी लाल, अशी दोन तेलं याचसाठी मिळतात. चेनच्या बाजूच्या पट्ट्यांवर बोट फिरवल्यावर पातळ, ओलसर थर लागला तर सेटिंग ठीक. रिमवर शिंतोडे दिसले तर चकती थोडी मागे घ्या, पट्ट्या कोरड्या किंवा तांबूस दिसल्या तर थोडी पुढे. टायरच्या कडेवर तेल दिसलं तर ते पुसल्याशिवाय निघू नका.

स्प्रेच्या तुलनेत खरा फरक स्वच्छतेत पडतो. चिकट लूब धूळ धरून ठेवतं आणि काही दिवसांत त्याची रोलरवर घासणारी काळी पेस्ट होते. पातळ तेल सतत येत राहिल्याने घाण धुऊन बाहेर पडते. ती जाते कुठे? थोडी रिमवर आणि बरीचशी पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमागे. त्यामुळे चेन ताणायला घ्याल तेव्हा एकदा ते कव्हर उघडून आतला चिखल खरवडून काढा. बारीक वाळूच्या रस्त्यावर मात्र ओली चेन वाळू उचलते. तिथे प्रवाह अगदी कमी करावा.

ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेनमध्ये पिन आणि बुशमधलं ग्रीस कारखान्यातच सीलबंद केलेलं असतं. बाहेरचं तेल रोलर, दात आणि रबरी रिंगसाठी. रिंग तुटली की आतलं ग्रीस जातं आणि मग कितीही तेल सोडा, ती कडी आखडणारच. म्हणून पेट्रोलने धुणं आणि तारेचा ब्रश या दोन्ही गोष्टी वर्ज्य. रॉकेल, नायलॉनचा मऊ ब्रश आणि फडकं एवढं पुरतं. चाक हातानेच फिरवा. गिअर टाकून इंजिनवर चेन फिरवत साफ करणं म्हणजे बोटं गमावण्याची तयारी.

तेलाने ढील सुटत नाही, आणि ऑइलर घेणारे नेमके इथेच गाफील राहतात. ढील खालच्या पट्ट्याच्या मध्यावर मोजायची, चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार ठिकाणी. सगळीकडे सारखी नसेल तर सर्वात घट्ट जागा धरून सेटिंग करा. किती मिलिमीटर आणि कोणत्या स्टँडवर, हे मॅन्युअल सांगतं; रस्त्यावरच्या बाईकना बहुधा २५ ते ३५, लांब सस्पेन्शनच्या बाईकना त्याहून जास्त. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वाधिक ताणली जाते. मागे माणूस आणि सामान असेल तर खड्ड्यात हे वारंवार घडतं. रिकाम्या बाईकवर ‘छान टाइट’ केलेली चेन तेव्हा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ टाकते. शंका असेल तर किंचित ढिली ठेवलेली बरी.

ॲक्सल नट सैल करून दोन्ही ॲडजस्टर सारखेच, एका वेळी पाव फेरा फिरवा. नट आवळताना चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये फडकं धरून चाक किंचित मागे फिरवलं की ॲक्सल ॲडजस्टरला टेकून राहतो. आवळल्यावर ढील पुन्हा मोजा, ती हमखास थोडी बदललेली असते. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्ही मापांच्या चेनचा पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिमी असतो. म्हणून ताणून धरलेल्या नव्या चेनच्या २० पिचचं अंतर ३१७.५ मिमी भरतं. एक टक्का वाढ म्हणजे तीन मिमीहून थोडं जास्त; तिथून पुढे मॅन्युअलच्या मर्यादेवर लक्ष ठेवा. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या शेवटच्या टोकाला धरून ओढल्यावर अर्धा दात उघडा पडत असेल तर मोजपट्टीही नको. बदलताना दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण चेनसेटच बदला.

वर्षाला दोन-तीन छोट्या सहली करणाऱ्याला स्प्रेच पुरतो: राइडनंतर चेन कोमट असताना आतल्या बाजूने मारायचा आणि सुकायला वेळ द्यायचा. आठवडाभराच्या किंवा पावसाळी टूरवर जाणाऱ्यांनी, विशेषतः बाईकला डबल स्टँड नसेल तर, ऑइलर जरूर घ्यावा. निघण्याआधी टाकी भरा, सोबत तेलाची छोटी बाटली ठेवा. टाकी पूर्ण रिकामी झाली तर पुन्हा भरल्यावर चकती प्राइमवर (पूर्ण प्रवाहाच्या खुणेवर) ठेवून नळीतली हवा काढावी लागते. पहिला थेंब टोकाला दिसला की जुन्या सेटिंगवर परत आणायला विसरू नका.