शो युअर स्ट्राइप्स: गोधडीत शिवता येणारं तापमान

इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांच्या तापमानपट्ट्या २०१८ पासून जगभर फिरताहेत. 'शो युअर स्ट्राइप्स' या संकेतस्थळावर त्या फुकट मिळतात: आधी खंड, मग देश निवडायचा आणि चित्र उतरवून घ्यायचं. एक पट्टी म्हणजे एका वर्षाचं सरासरी तापमान, निळी थंड, लाल उष्ण. साध्या चित्रात आकडा नाही, अक्ष नाही. आलेख म्हटलं की अंगावर काटा येणारा माणूसही यासमोर थबकतो.

पण रंगांची मोजपट्टी प्रत्येक ठिकाणच्या चढउतारानुसार बदलते, हे चित्र पाहून कळत नाही. भारतासारख्या देशात वार्षिक सरासरी फारशी हलत नाही, त्यामुळे तिथला गडद लाल आणि युरोपातला गडद लाल सारख्या अंशांचा नसतो. दोन देशांची चित्रं शेजारी लावून तुलना करू नका. शिवाय यात पाऊस नाही. मराठवाड्यात विषय काढायचा तर निम्मी गोष्ट इथेच राहून जाते.

भिंतीवर लावण्यापेक्षा हे कापडात उतरवणं जास्त रंगतं. तसंही रीडिंगच्याच एली हायवूड यांनी पट्ट्यांच्या आधी तापमानाची क्रोशाची चादर विणली होती, म्हणजे कल्पना माहेरीच परतते.

गोधडीचा हिशोब असा. १९०१ ते २०२४ धरलं तर १२४ पट्ट्या. शिवून दीड सेंटिमीटर उरायला हवी, तर दोन्हीकडे ६ मिलिमीटर शिलाईचे धरून २.७ सेंटिमीटर रुंद कापा. लांबी १८६ सेंटिमीटर भरते, एका माणसाला पुरेशी. जोड १२३, प्रत्येकात एक मिलिमीटर चुकलं तरी गोधडी बारा सेंटिमीटर आखडते किंवा वाढते. म्हणून दहा-दहा पट्ट्यांचे गठ्ठे शिवून दोन्ही टोकांची न शिवलेली शिलाई धरून दर गठ्ठा १६.२ सेंटिमीटर भरतो का ते मोजा, मगच पुढचा जोडा. मूळ चित्रात आठ निळ्या, आठ लाल छटा आहेत. जुन्या सुती साड्यांत सोळा सापडणं कठीण, पाच-पाचवर भागतं. कोणत्या रंगाच्या किती पट्ट्या लागतात ते आधी मोजून घ्या, नाहीतर शेवटच्या वर्षांना लाल कापड पुरत नाही (आणि नेमकं तेच जास्त लागतं!). लाल कापड मिठाच्या नव्हे, साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन रंग जातोय का पाहा. फिकट निळ्यावर उतरलेला गुलाबी डाग थेट तापमानवाढच दाखवतो. शिलाईची घडी गडद पट्टीकडे दाबा, म्हणजे फिकटातून दिसत नाही. धावदोरा पांढराच बरा.

शाळेसाठी कृष्णधवल झेरॉक्स काढू नका. गडद निळा आणि गडद लाल दोन्ही काळपट येतात, चित्रातलं सगळं म्हणणंच पुसलं जातं.

वापरायला परवानगी मागावी लागत नाही, श्रेय मात्र द्यावं लागतं. गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात एड हॉकिन्स आणि रीडिंग विद्यापीठ ही नावं दोऱ्याने भरून टाका. तिथेच सुरुवातीचं आणि शेवटचं वर्षही.