घराण्याचा माग काढायचाय? पेशवे दप्तराआधी तहसीलची रेकॉर्ड रूम

वंशावळ शोधायची म्हटली की जो तो पुण्याच्या पेशवे दप्तराकडे बोट दाखवतो. सगळ्यांनाच सरसकट तिकडे पाठवण्यात अर्थ नाही. घराण्याकडे वतन, इनाम, देशमुखी किंवा सरदारांकडची चाकरी नसेल, तर आठवडाभर तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, सोडून-बांधूनही आपल्या माणसाचं नाव दिसेलच असं नाही. साध्या शेतकरी किंवा बलुतेदार घराचा माग लागतो तो तालुक्याच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात. तिथे झगमगाट नाही, बसायला धड बाकडं मिळेल याची खात्री नाही, पण पिढ्या निघतात तिथेच.

याचं कारण सरळ आहे. जुनी दप्तरं आडनावावर लावलेली नाहीत. ती गावावर आणि जमिनीवर लावलेली आहेत. सरकारला सारा कुणाकडून घ्यायचा आणि वतनाचा हक्क कुणाचा, एवढंच कळायला हवं होतं. त्यामुळे मूळ गाव, त्या काळचा तालुका आणि जमिनीचा सर्व्हे नंबर या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय कुठल्याच खिडकीपाशी उभं राहू नये. '-कर' लावणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. गाव सोडून बाहेर पडलेल्यांना बाहेरच्यांनी गावावरून हाक मारली, तेच पुढे आडनाव झालं. खुद्द त्या गावात त्यांची नोंद पाटील, जोशी, नाहीतर नुसतीच 'राणोजी बिन सटवाजी', म्हणजे सटवाजीचा मुलगा राणोजी, अशी असते. गावच्या दप्तरात '-कर' शोधत बसणाऱ्याला तिथे काहीच मिळत नाही.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करावी. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. खातेदाराच्या नावाशेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर असतो. तो फेरफार काढला की त्यात वारस लागल्याची हकीकत सापडते: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे इतके, विधवा अमुक. त्या मयत माणसाचं नाव कुठल्या फेरफाराने लागलं, हे आदल्या सातबाऱ्यावर पाहायचं आणि एकेक पायरी मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणून नशीब चांगलं असेल तर फेरफारांची साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत जाते.

ही साखळी तुटते ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी. सातबारे ठरावीक वर्षांनी नव्याने लिहिले जात आणि त्या पुनर्लेखनात कंस केलेली, म्हणजे कमी झालेली, नावं गाळली जात. पुढे संगणकीकरणात उरलेले जुने फेरफार नंबरही अनेक ठिकाणी गळले. म्हणून 'सातबारा द्या' एवढ्यावर न थांबता 'हस्तलिखित सातबारे सुरुवातीपासून सगळे द्या' असं अर्जात स्पष्ट लिहावं. दुसरी तूट एकत्रीकरणाची, म्हणजे जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची. १९४७ च्या कायद्याखाली गावोगाव गटवारी झाली, सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. आजचा गट घेऊन १९३० सालचं रजिस्टर उघडलं तर भलत्याच माणसाची जमीन समोर येते. जुना सर्व्हे आणि नवा गट यांचा मेळ दाखवणारं एकत्रीकरणाचं ९(३), ९(४) पत्रक उपअधीक्षक भूमि अभिलेखांच्या कार्यालयात मिळतं. ते आधी घ्यावं. आकारफोड, गुणाकार बुक, कडईपत्रक ही मोजणी-आकारणीची, आणखी मागे नेणारी कागदपत्रंही तिथे नाहीतर तहसीलमध्येच असतात.

फेरफारात बायकांची नावं शोधणाऱ्यांनी १९५६ ही रेघ लक्षात ठेवावी. हिंदू वारसा कायदा त्या साली आला, आणि मुली वारस म्हणून नियमाने दिसू लागतात त्या त्यानंतरच. त्याआधीच्या फेरफारात विधवा असते, मुलगी क्वचितच. स्त्रीची ओळख 'सखूबाई कोम बाबाजी' किंवा 'सखूबाई भ्र. बाबाजी' अशी लिहिलेली दिसते. दोन्हींचा अर्थ बाबाजीची बायको. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पोरं लहान असताना बाप गेला की हे तीन अक्षरी शेपूट येतं, आणि पाठोपाठ आईचं किंवा चुलत्याचं नाव. 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, दिसलं तर समजावं की जमीन सगळ्या भावांची होती, नाव फक्त थोरल्याचं लागलं होतं. बाकीचे भाऊ त्या उताऱ्यावर नसले म्हणून ते नव्हतेच असं मानू नये. या एका कारणाने घरच्या घरी तयार केलेल्या वंशावळींतून अख्ख्या शाखा गायब झालेल्या असतात.

जमीन नसलेल्या घरांसाठी तहसीलमधली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. गावात जन्मलेल्या आणि मेलेल्या प्रत्येकाची नोंद, जातीसकट. नमुना साधारण असा: तारीख, बापाचं नाव, जात, 'मुलगा' किंवा 'मुलगी', आणि मृत्यूच्या बाजूला वय व कारण. मुलाचं नाव बहुतेकदा नसतंच, कारण बारसं व्हायच्या आधीच वर्दी दिलेली असे. त्यामुळे 'आजोबांचं नाव सापडलं नाही' म्हणून रजिस्टर मिटू नये. बापाचं नाव आणि साल जुळवून मुलगा ओळखायचा. कारणांच्या रकान्यात पटकी, देवी, हगवण, ताप हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांत 'ताप' लिहिलेल्या ओळींची गर्दी दिसली तर तो इन्फ्लुएंझा समजावा.

या नोंदवह्यांचा जुना भाग मोडी लिपीत आहे आणि कागद तपकिरी होऊन कडा झडलेल्या आहेत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरं लिहिली जात, शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. बाराखडी पाठ केलेला माणूस छापील मोडी वाचतो, पण तलाठ्याचं घाईतलं हस्ताक्षर वाचायला महिनोन्महिने सराव लागतो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, ते करण्यासारखे आहेत. ज्याला एवढा वेळ नाही त्याने मोडी वाचक गाठावा, पण लिप्यंतर घेताना ओळीगणिक मागावं. नुसता गोषवारा घेतला तर चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर हा आणखी एक स्वस्त आणि दुर्लक्षित रस्ता. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा हे सगळं एका ओळीत मिळतं. जन्मतारखेवर मात्र भरवसा ठेवू नये. गावात निम्मी पोरं १ जूनला जन्मलेली दिसली तर ती गुरुजींची कृपा, शाळा सुरू होताना वय बसवलेलं असे.

ऑनलाइन सेवेबद्दल. महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार आणि इतर कागद स्कॅन करून टाकलेले आहेत. नोंदणी करून जिल्हा, तालुका, गाव, दस्तऐवजाचा प्रकार आणि सर्व्हे नंबर दिला की फाईल दिसते. ज्यांच्या तालुक्याचं काम झालंय त्यांची गावची खेप वाचते, हे मान्य. पण शोध नंबरावर चालतो, नावावर नाही. गाव खुर्द असेल तर बुद्रुकही तपासावं, कारण फाईल शेजारच्या नावाखाली गेलेली असू शकते. आणि 'नोंद आढळली नाही' याचा अर्थ स्कॅन झालेली नाही एवढाच घ्यावा. मूळ वही रेकॉर्ड रूममध्ये असू शकते. कुणबी नोंदी शोधायला २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानंतर अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर कुणबी नोंदींची पानं गाववार चढली आहेत. त्यातून गमतीदार फायदा असा की पूर्ण पान स्कॅन केलेलं असेल तर शेजारच्या इतर घरांच्या ओळीही वाचता येतात.

आता पेशवे दप्तर. पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीत हे पुराभिलेखागार आहे. हजारो रुमाल, बहुतेक मोडीत. गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० पासून निघालेले निवडक कागदांचे ४५ खंड त्याच साठ्यातले, पण तो राजकारणाचा पसारा आहे, घरगुती वंशावळीला त्याचा उपयोग बेताचाच. आपल्या कामाची खरी जागा इनाम कमिशनची. १८५२ च्या कायद्याने कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनमधल्या इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. तेव्हा लोकांनी कैफियती दिल्या, सनदांच्या नकला जोडल्या आणि 'मूळ पुरुष अमुक, त्याचे पुत्र तमुक' अशा वंशावळी मांडल्या. देवस्थानाचं इनाम, जोशीपण, कुळकर्ण, पाटिलकी यांपैकी काही घरात होतं असं ऐकिवात असेल, तर इथे जायलाच हवं.

सेवेचं म्हणाल तर अभ्यासकाला दारातून परत पाठवण्याची वृत्ती नाही. ओळखपत्र, विषय स्पष्ट लिहिलेला अर्ज आणि नोंदीसाठी पेन्सिल न्यावी. 'माझं घराणं' हा विषय पुरत नाही. 'अमुक प्रांत, अमुक मौजे, पाटिलकी वतन, १८५०-१८६५' असं लिहिलं तर यादी हातात मिळते. याद्या दप्तर, प्रांत आणि सालानुसार असतात. त्यामुळे शहरात एकच दिवस मोकळा असेल तर तो यादी वाचण्यात संपेल हे धरून चालावं. रुमालातला कागद उलगडताना घडीवर ताण येऊ देऊ नये, आणि ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने परत ठेवावा.

तारखांनी इथे भलेभले फसतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. दख्खनी फसली या महसुली सनात ५९० मिळवायचे, म्हणजे फसली १३०० हे १८९०-९१. पेशवाईतल्या कागदांवर अरबी शब्दांतलं सुहूर सन असतं: 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२, त्यात ५९९ मिळवून १७७१-७२. फसली आणि सुहूर ही दोन्ही वर्षं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात, जानेवारीला नाही. एवढं नीट केलं नाही तर मुलगा बापाच्या आधी जन्मतो.

गावकामगार बलुतेदारांबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. महार वतनासारखी कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, आणि त्या निमित्ताने वतनी जमीन कुणाकुणाला पुन्हा दिली याचे कागद तहसीलमध्ये तयार झाले. ज्यांच्या घरात सनद-बखर काही नाही असं सांगितलं जातं, त्यांच्या वतनाच्या पाळीदारांची, म्हणजे पाळीपाळीने काम करणाऱ्यांची, नावं वतन रजिस्टरात शाखांसकट मिळू शकतात.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या खाजगी, तरीही उत्तम. मूळ गाव, जात आणि आडनाव सांगितलं की आपले उपाध्ये कोण ते रामकुंडावर कळतं. आलेल्या माणसाने स्वतः भाऊ, पुतणे, मुलं सांगून लिहवलेली नामावळी असल्याने ती फेरफारापेक्षा भरलेली असते. छापील कुलवृत्तांत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, भारत इतिहास संशोधक मंडळ अशा ठिकाणी चाळता येतात. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या विश्वासार्ह, त्यामागच्या पिढ्यांना कागदाचा आधार दिलाय का ते तळटिपांत पाहावं. बहुतेक कुलवृत्तांत मोजक्या जातींचेच आहेत, ही त्या वाङ्मयाची मोठी उणीव.

प्रदेशानुसार वाट बदलते. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक मागावं. निजामकालीन कागद उर्दू-फारसीत असतात, आणि त्यांचा मोठा साठा हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. विदर्भात अधिकार अभिलेख विचारावा. गाव संस्थानी मुलखातलं असेल तर आज ते ज्या जिल्ह्यात आहे तिथेच दप्तर असेल असं नाही. करवीर संस्थानासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार पाहावं. गोव्याच्या घराण्यांसाठी पणजीचं पुराभिलेखागार आहे, त्याची सुरुवात १५९५ ची, आणि तिथे पोर्तुगीजशिवाय फार पुढे जाता येत नाही.

जात पडताळणीसाठी शोधणाऱ्यांनी हौशी शोधाची पद्धत वापरू नये. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. मोबाइलवरचा फोटो तिथे चालत नाही. कोर्ट फी तिकीट लावून नकलेचा अर्ज द्यावा, त्यात रजिस्टरचं नाव, साल, गाव आणि पान नंबर लिहावा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मोडी नोंद असेल तर मूळ पानाची साक्षांकित प्रत आणि लिप्यंतर एकमेकांना जोडूनच घ्यावं. वेगवेगळं घेतलं की पुढच्या टेबलावर हे लिप्यंतर याच पानाचं कशावरून, असा प्रश्न येतो.