अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसाची वैद्यकीय तपासणी आणि माझ्या छातीतला जुना डाग: वर्षभरानंतरचा अनुभव

आम्हा पती-पत्नीची अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत झाली. पत्नीचे काम एका सकाळी उरकले आणि माझे जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालले, कारण १९८७ मध्ये मला क्षय झाला होता. मार्च २०२५ पासून आम्ही न्यू जर्सीत मुलीकडे राहत आहोत. येथील आरोग्य खात्याने केलेला पाठपुरावाही आता संपला असल्यामुळे, ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे आणि ज्यांना कधीकाळी छातीचे दुखणे होऊन गेले आहे, अशा सांगली-साताऱ्याकडच्या माणसांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुलगी अमेरिकेची नागरिक झाल्यावर तिने आमच्यासाठी अर्ज केला आणि यथावकाश मुलाखतीचे पत्र आले. मुलाखत बांद्रा-कुर्ला संकुलातील कॉन्सुलेटमध्ये होते. वैद्यकीय तपासणी मात्र कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. त्यांना पॅनेल फिजिशियन म्हणतात. आमच्या सांगलीच्या डॉक्टरांनी तीस वर्षे आम्हाला तपासले असले तरी त्यांच्या प्रमाणपत्राला येथे काही किंमत नाही, हे मला पटायला थोडा वेळ लागला. सोबत पासपोर्ट, मुलाखतीचे पत्र, डीएस-२६० अर्जाचे पुष्टिपत्र, छायाचित्रे, लसीकरणाचे कागद, चालू औषधांची यादी आणि जुन्या आजारांची कागदपत्रे न्यावी लागतात.

पत्र हाती पडल्यावर महिनाभर मी गोड खाणे सोडले होते आणि रोज सकाळी आमराईत फेऱ्या मारत होतो. आमच्या वयोगटासाठी त्या तपासणीत साखरेची किंवा कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी नसते, हे तेथे गेल्यावर कळले. रक्त घेतात ते १८ ते ४४ वयाच्या लोकांचे आणि तेही सिफिलिस या लैंगिक संसर्गासाठी. १८ ते २४ वयाच्या मुलामुलींची गोनोरिया या तशाच संसर्गासाठी लघवी तपासतात. एचआयव्हीची चाचणी २०१० च्या जानेवारीपासून या यादीतून वगळली आहे. २ ते १४ वर्षांच्या मुलांची क्षयासाठी रक्तचाचणी होते आणि १५ वर्षांपुढील प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे काढतात. डॉक्टरांना मुख्यतः चार गोष्टी पाहायच्या असतात: सार्वजनिक आरोग्याला धोका ठरेल असा संसर्ग आहे का, ठरलेल्या लशी झाल्या आहेत का, स्वतःला किंवा इतरांना इजा होईल असे वर्तन घडवणारा शारीरिक-मानसिक विकार आहे का, आणि अमली पदार्थांचे व्यसन आहे का. माझी गोड न खाण्याची तपश्चर्या यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

लशींच्या बाबतीत थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. आमच्या पिढीकडे लहानपणच्या लसीकरणाचा एकही कागद नाही. दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. तो मी डॉक्टरांना मोठ्या उत्साहाने दाखवला आणि त्यांनी हसून मान डोलावली, एवढाच त्याचा उपयोग झाला. माझा जन्म १९५६ चा असल्यामुळे मला गोवर-गालगुंड-रुबेलाची, म्हणजे एमएमआरची लस लागली नाही; १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना हे आजार होऊन गेले असणार असे धरले जाते. पत्नीचा जन्म १९६१ चा, म्हणून तिला ती घ्यावी लागली. मला पासष्टीमुळे न्यूमोनियाची लस लागली. धनुर्वाताची आम्हा दोघांनाही लागली आणि हंगाम असल्यामुळे फ्लूचीही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याचे आम्ही दोघांनीही सांगितले आणि ती माहिती डॉक्टरांनी नोंदवून घेतली. ज्या लशीचे दोन-तीन डोस असतात तिचा एक डोस झालेला असला तरी तपासणीपुरते भागते आणि उरलेले पुढे घेता येतात. मात्र एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लशी असल्याने त्या एकाच दिवशी तरी घ्याव्या लागतात, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्यावे लागतात. गावी आधीच लशी घेऊन जाण्याचा बेत असेल तर हे गणित डॉक्टरांना आठवण करून देऊन करावे.

कोविडच्या लशीची अट आमच्या वेळी होती. २०२५ मध्ये ती काढून टाकण्यात आली. कोविनच्या जुन्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नव्हती, ती असलेले परदेश प्रवासाचे प्रमाणपत्र पुतण्याने आदल्या रात्री उतरवून दिले. धनुर्वाताच्या बाबतीत मात्र आम्हाला भुर्दंड पडला. गावच्या दवाखान्यात मी ती लस तपासणीच्या आधीच घेतली होती आणि तेथल्या चिठ्ठीवर तारीख नुसती ०३/११ अशी होती. वर्ष नाही, शिक्का अर्धवट, आणि माझ्या नावात वडिलांचे नाव गाळलेले. तपासणी केंद्राने ती चिठ्ठी ग्राह्य धरली नाही आणि इंजेक्शन पुन्हा टोचून घ्यावे लागले. चाळीस वर्षे सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज याच कारणांसाठी परत पाठवल्यामुळे मला तक्रार करण्याचा नैतिक अधिकार फारसा नव्हता. लशीच्या नोंदीवर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, महिना अक्षरांत लिहिलेली तारीख, लशीचे नाव आणि डॉक्टरांची सही-शिक्का एवढे असल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नये.

प्रत्यक्ष तपासणी साधी होती. उंची, वजन, रक्तदाब, नजर, पोट, मान, बगला. पत्नीला तंबाखूबद्दल विचारले तेव्हा ती आधी नाही म्हणाली, मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “मिश्री लावते, पण थोडीच.” डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतले आणि त्याचे पुढे काही झाले नाही. एक्स-रेच्या खोलीबाहेर तिने मंगळसूत्र आणि गळ्यातली साखळी काढून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. पाच मिनिटांनी माझे नाव पुकारल्यावर शर्टच काढायचा असल्यामुळे ते सगळे पुन्हा तिच्या पदरात गाठ मारून ठेवावे लागले. बायकांना केसही वर बांधायला सांगतात, कारण वेणी छातीच्या चित्रात उतरते.

त्यानंतर तासाभराने मला एकट्याला आत बोलावले.

१९८७ मध्ये मी एकतीस वर्षांचा असताना रक्ताची गुळणी आली होती, मिरजेला दाखवले होते, इंजेक्शने आणि गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला होता. त्याचे कार्ड मी जपून ठेवले होते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले तेव्हा ते इतर कागदांबरोबर गेले. मुंबईला निघताना एका नातेवाइकाने मला, कार्डच नाही तर हा आजार सांगूच नका, असा सल्ला दिला होता. मी प्रश्नावलीत तो लिहिला आणि बरे केले. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातला वण एक्स-रेमध्ये स्वच्छ दिसत होता. मी नाही म्हटले असते तर तो माझ्यादेखतच मला खोटे पाडणार होता, आणि व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती देणे हे स्वतंत्र आणि जुन्या वणापेक्षा कितीतरी जड प्रकरण आहे.

माझ्याकडे २०११ मधला, हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी काढलेला एक एक्स-रे होता. पत्नीने तो माळ्यावर ठेवला होता म्हणून पुरातून वाचला. तो दाखवून मी म्हणालो की वण तेव्हाही एवढाच होता, मग आता आणखी तपासणी कशाला? डॉक्टरांनी दोन्ही चित्रे पाहिली, एक्स-रेचा उल्लेख नोंदीत केला, पण नियम समजावून सांगितला. क्षयाची शंका येईल असे काही एक्स-रेत दिसले की बेडक्याचे तीन नमुने घ्यायचे, ते भिंगाखाली पाहायचे आणि तिन्हींचे कल्चर लावायचे, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढतात का ते पाहायचे, यात डॉक्टरांच्या मर्जीला वाव नाही. २००७ पूर्वी नुसत्या भिंगाखालच्या तपासणीवर भागत असे. परंतु भिंगाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात ते किमान पाच-दहा हजार असावे लागतात, आणि कल्चरमध्ये शंभरच्या आतही असले तरी उगवतात. उगवायला वेळ मात्र फार लागतो, कारण क्षयाच्या एका जंतूचे दोन व्हायला वीसेक तास जातात. आपल्या आतड्यांतले काही जंतू तेच काम वीस मिनिटांत करतात. म्हणून कल्चर निगेटिव्ह म्हणायला आठ आठवडे थांबतात.

नमुने लागोपाठ तीन सकाळी, उपाशीपोटी, लॅबमध्ये जाऊनच द्यावे लागतात. घरून डबीत आणलेले चालत नाहीत. आम्ही डोंबिवलीला भाच्याकडे मुक्काम केला. पहाटेच्या लोकलमध्ये खोकल्याची उबळ आली तरी मी ती दाबून धरत असे, कारण तो ऐवज लॅबपर्यंत पोहोचवायचा होता. तेथे हवा खेळती असलेली एक छोटी खोली होती आणि काचेपलीकडून तंत्रज्ञ पाहत उभा असे. चूळ भरायची, दोनदा खोल श्वास घेऊन रोखायचा आणि तिसऱ्यांदा पोटातून खोकायचे. पहिल्या दिवशी मी डबी भरून दिली तेव्हा तो म्हणाला, “काका, ही लाळ आहे. बेडका पाहिजे.” निरोगी माणसाला मागणीनुसार बेडका काढता येत नाही, हे सांगून काही उपयोग नव्हता. शेवटी त्याने मिठाच्या पाण्याची वाफ दिली आणि दहा मिनिटांनी चमचाभर ऐवज निघाला. पुढचे दोन दिवस मी वाफ आधीच मागून घेतली. ही सोय असते हे पहिल्याच दिवशी सांगितले गेले असते तर माझा अर्धा तास आणि घसा, दोन्ही वाचले असते.

आमची खरी चूक तारखांची होती. मुलाखतीच्या दहा दिवस आधी तपासणीची वेळ घेतली, म्हणजे निष्कारण मुंबईच्या दोन फेऱ्या नकोत, असा हिशेब मीच केला होता. कल्चरमुळे तो पुरता फसला. मुलाखतीला दोघेही गेलो, पत्नीचा व्हिसा मंजूर झाला आणि मला २२१ (जी) कलमाचा कागद मिळाला. त्यावर नकार असा शब्द पाहून पत्नी तेथेच रडू लागली. खिडकीतील अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले की वैद्यकीय अहवाल अपुरा असल्याने निर्णय थांबवला आहे, अहवाल आला की पुढे जाईल. आणि तसेच झाले. ज्यांना कधीही क्षय, प्लुरसी (फुप्फुसाच्या आवरणाची सूज) किंवा छातीत पाणी झाले असेल त्यांनी मुलाखतीचे पत्र येताच तपासणीची वेळ घ्यावी. तरीही आठ आठवडे पुरतीलच असे नाही, पण विमानाची तिकिटे काढून ठेवण्याचा मोह तरी आवरेल. आम्ही काढली होती आणि ती रद्द करण्यात गेलेली रक्कम मी अजून मुलीला सांगितलेली नाही.

जानेवारीच्या शेवटी तिन्ही कल्चर निगेटिव्ह आल्याचे कळले. माझी नोंद क्लास बी-१ या वर्गात झाली: वण आहे, जंतू नाहीत, प्रवासाला हरकत नाही. एरवी तपासणी सहा महिने ग्राह्य असते, या वर्गात तीनच महिने. त्यामुळे आमच्या दोघांच्या व्हिशांच्या अंतिम तारखा वेगवेगळ्या निघाल्या आणि तिकिटे माझ्या तारखेप्रमाणे काढावी लागली. एक्स-रेची सीडी मिळाली ती मी हातातल्या पिशवीतच ठेवली.

येथे आल्यावर तीन आठवड्यांत काउंटीच्या, म्हणजे येथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याचा फोन आला. बी-१ नोंद असलेल्यांची माहिती त्यांच्याकडे आपोआप जाते आणि आल्यावर महिन्याभरात त्यांनी दाखवून घ्यावे अशी अपेक्षा असते. मुलगी घाबरली, मला मात्र त्यात काही अपमानास्पद वाटले नाही. जगातील क्षयाचे सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आपल्या देशात आहेत आणि ते विचारणारच. त्यांनी रक्त घेतले, पुन्हा एक्स-रे काढला, त्याचे पैसे मला पडले नाहीत. तेथल्या डॉक्टरांनी १९८७ च्या कार्डाबद्दल विचारले, मी पुराची हकिगत सांगितली आणि २०११ ची फिल्म पुढे केली. मुंबईत जिचा उपयोग झाला नव्हता ती त्यांनी खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली, नव्या चित्राशी ताडली आणि चौदा वर्षांत वणात फरक नसल्याचे लिहून घेतले. सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा बोलावले, औषधांची गरज नाही असे सांगितले आणि माझी फाइल बंद केली.

तेव्हा घरातली जुनी एक्स-रे फिल्म पिवळी पडली म्हणून कोणी रद्दीत देऊ नये. आमची आता येथल्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. पत्नीचा एमएमआरचा दुसरा डोस तेवढा राहिला आहे. मुलीने पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे.